बाई, मला जरा जास्त द्या

मी प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर बोलतोय. शेपटीवर निळी रेघ आहे, तोच मी. माझ्या बहिणीच्या शेपटीवर लाल होती. आम्ही एकाच वेताचे, पण पिंजऱ्यांना जागा पुरेना म्हणून तिला पलीकडच्या खोलीत हलवलं.

त्यानंतर आमच्या खोलीत झुरळं मारायचं औषध फवारलं. झुरळं मेली, वास मात्र मुक्कामाला राहिला. भुशात, केसांत, मिशांवर बसला. आम्हाला अंग चाटून साफ करायची सवय, त्यामुळे ते सगळं पोटात गेलं.

मग आमच्यावर प्रयोग करणाऱ्या बाईंनी झोपेच्या नव्या औषधाचा प्रयोग सुरू केला. सुई टोचायची, उताणं ठेवायचं आणि आम्ही आपणहून पालथे कधी होतो ते बघत बसायचं. माझा डोळा लागतो न लागतो तोच मी पालथा झालो. शेजारीही तसेच. बाईंचा चेहरा पडला.

"औषधात काही दम नाही," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "डोस तिप्पट करा. आणि हे उंदीर राहू द्या, पलीकडचे घ्या."

पलीकडे माझी बहीण होती. मी जाळीला दात लावले, घसा फोडून ओरडलो. "आज याला झालंय तरी काय?" म्हणत बाईंनी माझ्या बहिणीला टेबलावर आणलं, सुई दिली, उताणं ठेवलं. त्या वाट बघत राहिल्या, मीही. ती पालथी झालीच नाही, श्वासही थांबला.

बाईंनी तिला तळहातावर घेतलं. नाकाशी नेलं. मग मला हुंगलं.

"साहेब, याच्या अंगाला वास येतोय. इथे काही फवारलं होतं का?"

"झुरळं फार झाली होती, मीच सांगितलं फवारायला. त्याचा इथे काय संबंध?"

"त्या विषानं यांची यकृतं नको तितकी कामाला लागलीत. आपलं औषध आलं रे आलं की मोडीत काढतात. हिचं यकृत साधंच होतं हो."

बाई, हे आधी हुंगलं असतंत तर! मला तुमचा राग येतो, अजूनही.

आज माझं यकृत काढून बघणार आहेत. वास केव्हाच गेला, पण विष चरबीत ठाण मांडून बसलंय. टेबलावर कात्री मांडली आहे. बाई सुई भरताहेत आणि साहेब सवयीनं म्हणताहेत, "द्या नेहमीचाच डोस."

बाई, नेहमीचा नको. बहिणीला जो जास्त झाला, तो मला द्या. मी फार लवकर जागा होतो.