बघण्यापुरतं घर

मित्रांनो, मी एक जुना सॅम्पल फ्लॅट आहे. वापरून जुना झालेला नव्हे, बघून बघून जुना झालेला. आजवर माझ्यात तीन-चार हजार माणसं येऊन गेली आणि एकही राहिलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना सॅम्पल फ्लॅट म्हणजे काय ते ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी सांगतो. बिल्डर नवी स्कीम काढतो तेव्हा एक फ्लॅट सगळ्यांच्या आधी बांधून नटवून ठेवतो. गिऱ्हाईक येतं, त्याला बघून खूश होतं, आणि विकत घेतं तो भलताच फ्लॅट. बहुतेक वेळा तो भलता फ्लॅट अजून हवेतच असतो. जगात मत्सर म्हणून जे काही आहे, त्याची सुरुवात इथूनच झाली असावी असं मला वाटतं.

माझा जन्म २००७ सालचा. हिंजवडीच्याही पुढे, जिथून कंपन्यांच्या बसदेखील मागे वळतात, तिथे भाताच्या खाचरात आमची स्कीम उभी राहिली. ए विंग, पहिला मजला, फ्लॅट नंबर १०२. शेजारपाजारचे उघड्या विटांत कुडकुडत होते, तेव्हा माझ्या छताला प्लास्टरची नक्षी होती. मला सजवायला खास मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी बेडरूममध्ये पाच फुटी पलंग करून घेतला, म्हणजे खोली मोठी दिसते. सोफा वीतभर आखूड केला. आतली दारं काढून टाकली, कारण दार उघडायला जागा लागते हे गिऱ्हाइकाला आधी कळू द्यायचं नसतं. टीव्ही पुठ्ठ्याचा, सफरचंदं मेणाची, आणि कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसत्या पाठी. मला हे खोटं वाटलं नाही. फोटो काढताना तुम्हीसुद्धा पोट आत घेताच की.

पहिलं वर्ष फार कौतुकाचं गेलं. रविवारी तर रांग लागायची. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली मुलं यायची, फोनवर बोलत बोलत माझ्यातून एक चक्कर मारायची आणि अकरा मिनिटांत घर बुक करून जायची. एकाने माझ्या बाल्कनीत उभं राहून, माझ्याच कठड्यावर कोपर टेकून, ५०१ बुक केला. ५०१ तेव्हा फक्त कागदावर होता. त्याला ना भिंत होती ना फरशी, आणि तरी तो कुणाचा तरी झाला होता. त्या दिवसापासून मी मजले मोजायचं सोडून दिलं. दर आठवड्याला आकाशातला एकेक तुकडा खपत होता आणि मी जमिनीवर घट्ट उभा राहून हसतमुख होतो.

मग २००८ साल उतरणीला लागलं. अमेरिकेत कुठली तरी बँक बुडाली आणि माझा एसी बंद झाला. या दोन गोष्टींचा संबंध मला कुणी समजावून सांगितला नाही, पण होता हे नक्की. गळ्यात कार्ड असलेली मुलं यायची थांबली. चौथ्या मजल्यावरचं काम थांबलं. आमचे सेल्समन श्यामसुंदर टाय लावून दारात बसायचे आणि मेणाच्या सफरचंदावरची धूळ पुसायचे. त्यांना तीन महिने पगार नव्हता, पण टायची गाठ मात्र रोज ताजी असायची.

अशा वेळी, डिसेंबरातल्या एका रविवारी, रामदास ढोके आणि विजयमालाबाई स्कूटरवरून आले. रामदासकाका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते, नुकतेच रिटायर झालेले. मूळचे अमरावतीकडचे, पण तीस वर्षं खडकीच्या क्वार्टरमध्ये काढलेली. आता ते क्वार्टर एकतीस मार्चला रिकामं करून द्यायचं होतं. औंध, बाणेर, वाकड अशी घरं बघत बघत, भाव जसा परवडेल तसे ते शहरापासून लांब लांब सरकत आले होते. आमच्यापुढे मुळशीचे डोंगरच होते, त्यामुळे आता आणखी सरकायला जागा नव्हती.

काकांनी खिशातून टेप काढून माझी भिंत न् भिंत मोजली आणि भाव विचारला. श्यामसुंदरांनी सांगितला.

"गेल्या महिन्यात किती होता?"

"फुटामागे शंभराने जास्त होता, काका. खास तुमच्यासाठी..."

"मग पुढच्या महिन्यात अजून शंभराने उतरेल. येतो."

आणि ते खरोखरच आले. दर रविवारी आले. डबा घेऊन यायचे, माझ्या आखूड सोफ्यावर बसून भाकरी आणि झुणका खायचे, भाव विचारायचे आणि समाधानाने परत जायचे. भाव उतरला की काकांचा चेहरा असा फुलायचा, की वाटावं ते पैसे त्यांना मिळालेच. माझ्यात पहिल्यांदाच कांद्याचा वास आला. मी त्यांना मनातल्या मनात माझी माणसं म्हणू लागलो. खुळेपणा होता, पण मला अनुभव नव्हता.

"घर स्वस्त होऊन राहिलं आणि आपण रस्त्यावर येऊन राहिलो," फेब्रुवारीत एकदा विजयमालाबाई म्हणाल्या. "अजून किती वाट पाहायची, बाप्पा?"

"अगं, पडू दे की अजून. पडणारी सुरी मधेच धरली तर हात कापतो."

श्यामसुंदर टाय सैल करून हळूच म्हणाले, "काका, भाव पडतोय हे खरं. पण अजून पडला तर बिल्डरही पडेल. तीन मजले तयार आहेत, पाणी-वीज आलीय, तोवर घ्या."

काकांनी मान हलवली. विजयमालाबाई मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "हे सजवलेलं पुष्कळ झालं. मला नुसता फ्लॅट दाखवा."

श्यामसुंदर त्यांना बरोबर माझ्या डोक्यावर, २०२ मध्ये घेऊन गेले. २०२ला मी ओळखत होतो. चुन्याचा एक हात, खाली साधी फरशी, खिडकीला कागद चिकटवलेला. बोलायलासुद्धा त्याच्याकडे काही नव्हतं. बाईंनी पिशवीतून खडू काढला आणि त्याच्या फरशीवर आपलं सामान काढायला घेतलं. इथे लोखंडी पलंग, इथे कपाट, इथे देव, इथे शिवणाचं मशीन. छतातून मला खडूचा आवाज ऐकू येत होता. माझ्याकडे झुंबर होतं, नक्षी होती, मेणाची का होईना, सहा सफरचंदं होती. त्याच्याकडे खडूचा पलंग. त्या क्षणी मी २०२चा जितका हेवा केला तितका पुढे कुणाचाच केला नाही, आणि मधल्या वर्षांत मी बरीच मेहनत घेतली आहे.

पण नशीब फिरलं. मार्चच्या पहिल्या रविवारी श्यामसुंदर बिल्डरचा निरोप घेऊन आले: हवा असेल तर सॅम्पल फ्लॅटच घ्या, २०२च्याच भावात, फर्निचरसकट.

काका एकदम सरळ बसले. "झुंबरासकट?"

"झुंबरासकट."

मित्रांनो, मला काय वाटलं ते मी सांगत बसत नाही. वर २०२ होता, आणि त्याला हे ऐकू गेलं असेल अशी मला मनापासून आशा होती.

जेवण झालं. काका म्हणाले, "ठरलंच आहे, तर आपल्या घरात जरा पाठ टेकतो," आणि बेडरूममध्ये जाऊन पलंगावर आडवे झाले. ते सहा फूट उंच होते. त्यांचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर आले. वर सरकले, तर डोकं भिंतीला लागलं. कुशीवर झाले, तर गुडघे बाहेर.

विजयमालाबाई दारात उभ्या होत्या. म्हणजे दार जिथे असायला हवं होतं तिथे. "काहून हो," त्या म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर उंची वाढली का तुमची?"

काका उठले. तीन महिने त्यांनी माझ्या भिंती मोजल्या होत्या, पण पलंगही मोजायची वस्तू असते हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी टेप लावला. पाच फूट. मग सोफा. मग जेवणाचं टेबल. मग ते टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी तो एका बोटाने ढकलला.

"श्यामसुंदर, इकडे या."

"काका, ते नमुन्याचं फर्निचर असतं. सगळेच बिल्डर करतात."

"आमच्या फॅक्टरीत शंभरातला एक नग तपासायला घेतात," काका शांतपणे म्हणाले. "तो खोटा निघाला, तर उरलेले नव्याण्णव न बघता परत जातात. अख्खा लॉट. तीस वर्षं मी हेच केलं. हा तुमचा नमुना. तो खोटा आहे. चल गं."

श्यामसुंदरांनी टाय काढून खिशात ठेवला. मला वाटलं होतं, मी नाही तर २०२ही नाही, यात थोडं तरी सुख असेल. नव्हतं. एकतीस मार्चला तीसच दिवस उरले होते, आणि माझ्या एका पलंगापायी दोन म्हातारी माणसं शहरभर पुन्हा फिरणार होती.

विजयमालाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "लॉट परत जाईल कारखान्यात," त्या म्हणाल्या. "आपण कुठे परत जायचं?"

काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

"हा नमुना नाहीच. हा फोटो आहे. नमुना वर आहे. तुम्ही तो तपासलाच नाही. न तपासता रिजेक्ट करायचं, हे कोणत्या फॅक्टरीत शिकलात?"

हा मुद्दा तपासनिसाला लागला. ते वर गेले. मी छताकडे कान लावून होतो. बाईंनी त्यांना खडूच्या पलंगात, उघड्या फरशीवर झोपायला लावलं. मग काकांचा आवाज आला, "पाय आत आहेत." आणि थोड्या वेळाने घोरणं. माझ्यात तीन महिन्यांत त्यांना साधी जांभईसुद्धा आली नव्हती.

अशा रीतीने २०२ विकला गेला. गुढीपाडव्याला वास्तुशांत ठरली, क्वार्टरच्या मुदतीच्या चार दिवस आधी.

त्या दिवशी सकाळपासून जिन्यावर वर्दळ होती. अमरावतीची माणसं, खडकीची माणसं, कारखान्यातले रिटायर झालेले आणि व्हायचे राहिलेले. सगळ्यांनी २०२च्या दारात चपला काढल्या. दार भरलं, मग पायऱ्या भरल्या, आणि दहा वाजेपर्यंत चपला जिना उतरून माझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मी गेली दोन वर्षं माणसं बघत होतो, पण माझ्या दारात कुणी चपला काढल्या नव्हत्या. श्यामसुंदर तर म्हणायचेच, "चालेल, चालेल, चपला असू द्या, सॅम्पल आहे."

सगळ्यांत शेवटी काकांची आत्या, यमुनाबाई, एकेक पायरी थांबत वर आल्या. माझ्या दारातल्या चपला पाहून त्यांना वाटलं, हेच घर. त्यांनी आपल्या वहाणा काढल्या, नीट जोडीने ठेवल्या आणि माझ्या उंबऱ्यावर दम खायला टेकल्या. मग माझ्या दारावरून हात फिरवून म्हणाल्या, "रामदासनं घर चांगलं पाहिलं."

चुकून झालेलं कौतुक परत करण्याइतका मी प्रामाणिक नाही.

वरून कुणी तरी हाक मारली, "आत्या, तिथे नव्हे, वर." त्या तशाच अनवाणी वर गेल्या. वहाणा संध्याकाळपर्यंत माझ्याकडे होत्या.

मित्रांनो, पुढे बिल्डरने माझं झुंबर विकलं, पलंग कुठल्या तरी दुसऱ्या स्कीमला दिला, आणि मी कुलपात राहिलो. वरच्याशी माझं बोलणं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे झाल्यावर कधी ना कधी घर बघायला निघाल. भाव पडलेले असोत की चढलेले, टेप न्या, खडू न्या, आडवे होऊन बघा, हवे तेवढे दोष काढा. पण आत पाऊल टाकण्याआधी चपला दाराबाहेर काढत जा. घ्यायचं नसलं तरी.