खुंटीवरचा कोयता

"चार नंबर!"

भरतीच्या साहेबांनी चिठ्ठी उंच धरली आणि नगरभवनातला गलका एकदम थांबला. फिलिबेर चिठ्ठ्यांच्या पेटीपाशी तसाच उभा राहिला. बासष्ट पोरांतली लहान नंबरची पहिली तीस फौजेत जायची होती, सात वर्षांसाठी. चार म्हणजे गेलाच.

मागच्या बाकावर त्याची आई क्लोदीन बसली होती. मोठा नंबर निघावा म्हणून अक्रोडाच्या टरफलात जिवंत कोळी घालून तिने तो लेकाच्या बंडीच्या अस्तरात शिवला होता. त्या काळी मोर्वांच्या डोंगराळ रानातली कुठली आई शिवत नसे?

"तुझा कोळी झोपला की गं," शेजारची रेन पुटपुटली. मग तिचा हात दाबून म्हणाली, "आता तरी तोंड उघड. थोरल्याचं सांग."

थोरला आंदोश. असाच चिठ्ठी काढून गेला, लढाईवर गेला. तीन वर्षांपूर्वी दूरच्या वार्णा बंदरातल्या इस्पितळात पटकीने वारला, असा कागद मेअरकडे आला. क्लोदीनने तो हातात घेतलाच नाही. "त्या नावाची ढीगभर पोरं असतील फौजेत," एवढंच म्हणाली. दर शनिवारी ती त्याच्या कोयत्याला तेल लावी आणि परत खुंटीला अडकवी. कुणी हात लावायची सोय नव्हती.

एक भाऊ फौजेत मेला तर दुसऱ्याला सूट, असा कायदा होता. पण ती घरच्यांनी मागायची, कागद दाखवून.

"काही सांगायचंय कुणाला?" साहेबांनी विचारलं. मग ते कारकुनाकडे वळले. "लिहा मग. रक्र्यू."

क्लोदीनने हा शब्द जन्मभर रानात ऐकला होता. तोडलेल्या ओकच्या बुंध्यातून पुन्हा धुमारे येतात, त्यांना लाकूडतोडे हेच म्हणत. सरकारने नव्या शिपायांसाठी तो रानातूनच उचलला, असं तिचा बाप सांगे. तोडा हवं तेवढं, पुन्हा फुटतंच.

कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

फिलिबेरने वळून पाहिलं. आईच्या मनात काय चाललंय ते त्याला कळलं होतं. "आई, राहू दे. जातो मी."

"गप रे!" ती उठली. "थांबा, साहेब. याचा थोरला भाऊ..."

"भाऊ काय? बाई, लवकर बोला, रांग आहे."

कारकुनाचा टाक कागदाला टेकला.

"मेला," क्लोदीन म्हणाली. "फौजेत. वार्णाला."

मेअरने कोटातून घडी केलेला कागद काढला. "सकाळपासून खिशात घेऊन बसलोय, क्लोदीन."

तिने तो घेतला आणि आपल्या हाताने साहेबांपुढे ठेवला. कारकुनाने दाखवलं तिथे सहीऐवजी तिने फुली मारली. एक रेघ वाकडी गेली.

"कागद चोख आहे. सुटेल पोरगा," साहेब म्हणाले. "पुढचा!"

दुसऱ्या दिवशी रानात निघताना तिने खुंटीवरचा कोयता काढून फिलिबेरच्या हातात दिला. आंदोशच्या बोटांनी मुठीला खळगे पडले होते.

"माझी बोटं बसत नाहीत गं यात."

"बसतील."

शनिवारी सवयीने ती तेलाची चिंधी घेऊन भिंतीपाशी गेली. खुंटी रिकामी होती. मग अंगावरची शाल काढून तिने खुंटीला अडकवली.