बोटीवरची पसंती

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या मराठी मंडळाची सहल स्कॉटलंडला गेली. तिथे समुद्र डोंगरांच्या बेचक्यात मैलोन्‌मैल घुसलाय, आणि त्यातून बोटीनं धबधबे दाखवतात. वॉटफर्डच्या वैजयंतीबाईंना धबधब्यांचं काय कौतुक! त्या लेकीचं लग्न जमवायला आल्या होत्या. "तू ठरवशील ते," म्हणून मंजिरी मोकळी झाली होती. बोट धक्क्याला परत लागेपर्यंत रीडिंगच्या रेखाताईंना हो की नाही ते सांगायचं होतं. मनात हो होतंच. त्यांचा उदय बँकेत चांगल्या हुद्द्यावर, दिसायला नीटनेटका. आणखी काय हवं?

उदय कॅमकॉर्डर डोळ्याला लावून कठड्याशी उभा होता. बोट हेलकावली आणि त्याचे वडील, श्रीकांतराव, शेजारीच भडाभडा ओकले. सकाळचं ऑम्लेट कोटावर, बुटांवर, सगळीकडे. वैजयंतीबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"बाबा, थोडं मूव्ह व्हा ना. शॉटमध्ये येताय तुम्ही," उदय म्हणाला. कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही मेल्यानं.

म्हातारा खरंच सरकायला गेला आणि लटपटला. मंजिरीनं धावत जाऊन त्यांना बाकावर बसवलं, आपल्या स्कार्फनं हनुवटी पुसली, सँडविचची रिकामी पिशवी तोंडाशी धरली.

रेखाताई जागच्या हलल्या नाहीत. वैजयंतीबाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "स्ट्रोकनंतर यांचं हे रोजचंच झालंय हो. उदयला घाण सहन होत नाही, आणि मला तर नाहीच नाही. म्हणून म्हटलं, सून आपल्यातलीच हवी. बघा, किती छान जमतंय तिला. आमची पसंती आहे बरं का."

ओकारी परवडली, पण ही मायलेकरं नकोत, असं झालं वैजयंतीबाईंना. शिसारी आली नुसती. थोडी स्वतःचीही आली, कारण गेले सहा महिने याच पोराचे गोडवे गात होत्या.

त्या उठल्या. मंजिरीच्या हातातली भरलेली पिशवी घेतली आणि उदयच्या मोकळ्या हातात कोंबली.

"बाप तुझा आहे. धर."

"अगं आई, तू तर हो म्हणणार होतीस," मंजिरी पुटपुटली.

"होते. आता नाही म्हणते."

रेखाताईंनी तोंड फिरवलं. श्रीकांतरावांनी मात्र मान वर केली.

"बरं केलंत, वहिनी," ते हळूच म्हणाले. "नाही म्हणा, हेच सांगायला मी सकाळपासून तुम्हाला एकटीला गाठायला बघत होतो."