जहाज कोणाला आवडायचं

बाकावर बसताना दादा आपल्या डाव्या बाजूला साधारण दीड वीत जागा सोडतो. एवढ्या जागेत माणूस मावत नाही. तिथे आईची पिशवी असायची: पाण्याची बाटली, नॅपकिन, त्याचा जादा शर्ट आणि सगळ्यात खाली तिच्या गोळ्या. पिशवीच्या पलीकडे आई. आईला जाऊन वर्ष उलटून गेलं, तरी दादा पिशवीची जागा सोडूनच बसतो. मी शेजारी बसले की ती दीड वीत आमच्या दोघांत राहते.

झुल्या-पाळण्यांच्या नव्या पार्कच्या दारातल्या बाकावरही तो तसाच बसला होता. डोक्यावर जुन्या पार्कची टोपी. ते पार्क दर वर्षी परत येणाऱ्या पाहुण्यांना एक बिल्ला देतं, आणि दादाच्या टोपीवर आता बिल्ल्यांखालचं कापड जवळजवळ दिसत नाही. दारावरच्या माणसाने टोपीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काय साहेब! जेवायला आमच्याकडे आणि ढेकर शेजाऱ्यांच्या नावाने?"

दादाने टोपी दोन्ही हातांनी धरली. "आम्ही फक्त बघायला आलोय," तो गंभीरपणे म्हणाला. "आमचं पार्क दुसरं आहे."

"बघा, बघा. बघायचे पैसे नाहीत. बसायचे आहेत, ते ताईंनी भरलेत."

दादा खूप हसला. मग तो विनोद त्याने मला आत जाईपर्यंत तीनदा सांगितला, मी तिथे नव्हतेच अशा थाटात.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याची बुद्धी आठ वर्षांच्या मुलाएवढी आहे, असं डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं. मला ते माप कधी पटलं नाही. आठ वर्षांचं मूल सकाळपासून दुपारपर्यंत मेणबत्त्यांच्या डब्यांवर सरळ रेषेत लेबलं लावू शकत नाही. दादा लावतो. कार्यशाळेत त्याच्या शेजारी त्याचा मित्र बसतो. तो दिवसभर शिट्टी वाजवतो, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. शिट्टी जिथे राहतो ते घर कार्यशाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. दादासारखी आठ मोठी माणसं, दोन मदतनीस आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एक बाई. त्या घरात एक खोली रिकामी झाली होती. शिट्टीच्या शेजारची.

दादाला तिथे पाठवता का, असं बाईंनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी विचार करून सांगते म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, त्याला नव्या जागी झोप येत नाही. बाई म्हणाल्या, "हे तुम्ही बघितलंय की तुम्हाला वाटतंय?"

प्रश्न रास्त होता. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. न तपासता नमुना नापास करणं मला शोभत नव्हतं. आईच्या माघारी आम्ही पार्कला गेलोच नव्हतो. जुन्या पार्कात गेलो असतो तर ठरलेली खोली, ठरलेला वेटर, ठरलेलं टेबल, आणि प्रत्येक ठिकाणी आई कुठे आहे असं विचारणारी माणसं. त्यातून काहीच कळलं नसतं. म्हणून मी दुसरं पार्क निवडलं. दोन रात्री. तो झोपला नाही, बावरला, घरी चल म्हणाला, तर मी बाईंना नाही सांगायचं, असं ठरवलं होतं. झोपला तर काय, ते मात्र मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्या रात्री तो खिडकीजवळच्या पलंगावर आडवा झाला आणि घोरू लागला. डोळ्याला डोळा लागला नाही तो माझा.

सकाळी नाश्त्याला त्याने ब्रेडला लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत, लेबल लावावं तसं.

"झोप लागली?" मी विचारलं.

"हो. उशी छान आहे. तुला?"

"लागली."

"शिट्टीकडे सकाळी बाथरूमला रांग असते," तो म्हणाला.

"हो का? पंचाईतच मग."

"शिट्टी रांगेत शिट्टी वाजवतो. आतला आतून ओरडतो. मग सगळेच ओरडतात. मग बाई येतात आणि त्यापण ओरडतात."

मी मनात नोंद केली: आठ माणसं, दोन बाथरूम. नाही म्हणायला आणखी एक कारण.

फोन वाजला. बाईच होत्या. मी उठून दाराशी गेले.

"ताई, मी घाई करत नाही," बाई म्हणाल्या, "पण दुसरं एक कुटुंब थांबलंय. त्या मुलाच्या आईचं ऑपरेशन आहे. आज संध्याकाळी मला त्यांना हो की नाही सांगायचंय. कसं चाललंय तुमचं?"

"एक रात्र झाली."

"झोपला?"

"झोपला."

"आणि तुम्ही?"

"मी संध्याकाळी फोन करते," मी म्हणाले.

परत आले तेव्हा दादा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना दारावरच्या माणसाचा विनोद सांगत होता.

पार्कात शिरल्या शिरल्या मी जहाज शोधलं. जुन्या पार्कातही एक झुलतं जहाज होतं, उंच खांबांना टांगलेलं, पुढे जातं, मागे जातं आणि शेवटी जवळजवळ उभं राहतं. आमच्या दर वर्षीच्या फेरीची सुरुवात त्याच्यापासून व्हायची. दादा आणि आई पुढच्या बाकड्यावर बसायचे. मी सामान घेऊन खाली उभी राहायचे आणि ते वर गेले की हात हलवायचे.

आईला जहाज अजिबात सोसत नसे. तिला साध्या बसमध्येसुद्धा मळमळायचं. जायच्या आदल्या आठवड्यात ती हळूच मला सांगायची, "येताना त्या चक्करच्या गोळ्या आण गं. त्याला सांगू नकोस." मी म्हणायचे, मी बसते त्याच्याबरोबर. तर म्हणायची, "तो माझ्याबरोबर बसतो. वर्षातून एकदा त्याला हौस, तर माझं काय जातंय? एक दिवस पोट ढवळेल." उतरल्यावर ती चांगली तासभर काही खायची नाही. इतकी वर्षं हे असंच चाललं.

आता आई नव्हती, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं होतं. आईच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट अजून शिल्लक होतं. मुदत तपासून मी एक घेतली. तोंड कोरडं पडलं.

"चल दादा, आधी जहाज."

"इथेपण आहे?" तो म्हणाला.

"आहे. आपल्या पार्कातल्यापेक्षा मोठं."

रांग लांब होती. दोरखंडांमधून ती चार वेळा वळून जहाजापाशी पोचत होती. मला रांगा आवडत नाहीत. मी पाटीवरचे नियम वाचू लागले. दादा मात्र लगेच मागे वळला. मागे एक जाडजूड गृहस्थ आणि त्यांची बायको होती.

"तुम्ही पहिल्यांदा आलात?" दादाने विचारलं. "आम्हीपण. पण आमचं खरं पार्क दुसरं आहे."

"खरं पार्क? मग हे काय खोटं?" गृहस्थ म्हणाले.

"यांचं काय ऐकता," बायको दादाला म्हणाली. "हे वर जाऊन डोळे मिटून बसणार आणि खाली आल्यावर म्हणणार, किती मजा आली."

"मी कधी मिटले?"

"मागच्या वेळी माझा हात असा दाबलात की दोन दिवस बांगडी चढली नाही."

दादा हसला, ते हसले, त्यांच्या मागचेही हसले. दादाने त्यांना टोपीवरचे बिल्ले दाखवले. त्यांनी त्याला आपल्या नातवाचा फोटो दाखवला. रांग पुढे सरकत होती. शेवटच्या वळणावर दादा गप्प झाला. जुन्या पार्कातही तो तिथे गप्प व्हायचा. आई म्हणायची, बघ, कसा आतुर झालाय.

आम्ही पुढच्या बाकड्यावर बसलो. आडवी दांडी खाली आली. जहाज हललं.

तोवर मी दादाचा चेहरा जहाजात असताना जवळून कधी पाहिला नव्हता. आईनेही पाहिला नसणार; ती डोळे घट्ट मिटून बसायची. मी पाहिला. ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घामाचे बारीक थेंब. दांडी धरलेल्या बोटांची पेरं रक्त ओसरल्यासारखी दिसत होती. डोळे उघडे होते आणि ते समोर नव्हते, माझ्याकडे होते. वर गेलो आणि दादाने मला विचारलं, "तुला छान वाटतंय ना?"

उतरल्यावर तो कसाबसा कुंपणापर्यंत पोचला आणि ओकला. मी त्याची पाठ चोळली. मागचे गृहस्थ कुठूनतरी पाणी घेऊन आले. बायको म्हणाली, "बसवा त्यांना सावलीत." आम्ही बाकावर बसलो. दादाने तोंड पुसलं, श्वास घेतला आणि डावीकडे जागा सोडली.

"दादा, तुला जहाज आवडत नाही?"

त्याने नॅपकिनची बारीक घडी घातली.

"मी रागावणार नाही. खरं सांग."

"पोटात कसंतरी होतं," तो म्हणाला. "नेहमी होतं."

"नेहमी? मग इतकी वर्षं कशाला बसायचास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्ट मला माहीत नसावी याचं त्याला नवल वाटलं. "आईला आवडायचं ना. तिला एकटीला भीती वाटली असती."

समोर जहाज पुन्हा भरत होतं. माणसं चढत होती. मला आई आठवली, खोलीत पलंगावर उशीला टेकून बसलेली, चेहरा फिकट, आणि म्हणतेय, किती खूश होता बघितलंस ना. गोळ्यांचं पाकीट माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. मी त्याला त्याबद्दल काही सांगितलं नाही. त्याने तिच्यासाठी केलेलं आता तिच्या माघारी फुकट का घालवायचं?

"मग तुला काय आवडतं?" मी विचारलं. "पार्कातलं. सगळ्यात जास्त."

त्याला विचार करावा लागला नाही. "रांग."

"रांग?"

"रांगेत सगळे बोलतात." त्याने बोटांवर मोजलं. "ते काका बोलले. काकू बोलल्या. नातवाचं नाव पण सांगितलं. आपल्या घरी कोणी बोलत नाही."

"मी बोलते की."

"तू वाचतेस," दादा म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. पाणी रंगहीन आहे असं आम्ही अहवालात लिहितो, तसं त्याने ते सांगितलं.

मला आमचं जेवणाचं टेबल दिसलं. त्याचं ताट, माझं ताट, ताटाशेजारी उघडं पुस्तक. तो कार्यशाळेतलं काहीतरी सांगायचा आणि मी "हं" म्हणायचे. आई असताना ती त्याच्याशी बोलायची, म्हणून माझं हं खपून जायचं. मग मला सकाळचं त्याचं बोलणं आठवलं. बाथरूमची रांग. शिट्टी वाजवतो, आतला ओरडतो, मग सगळेच. मी ते नाही म्हणायच्या कारणांत टाकलं होतं. तो तर मला हौसेने सांगत होता.

"शिट्टीच्या शेजारची खोली रिकामी आहे, माहितेय तुला?" मी विचारलं.

"माहितेय. बाईंनी दाखवली. खिडकी आहे."

"कधी दाखवली?"

"खूप दिवस झाले."

"मला सांगितलं नाहीस."

दादाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. एकेका बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिला. "शिट्टी म्हणतो ये. मी म्हटलं, नाही येऊ शकत. चिऊ घरी एकटी असते."

चिऊ म्हणजे मी. आता मला या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी इतके महिने बाईंना सांगत होते, त्याला सवय नाही, तो घाबरेल, त्याला घर लागतं. आणि हा रोज संध्याकाळी त्या गल्लीवरून पुढे चालत घरी येत होता, मला सोबत करायला. आईसाठी जहाजाची दांडी धरून बसायचा, तसाच.

"चिऊ, तुला एकटीला भीती वाटेल ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. आईने तेच केलं असतं, हसून. त्यानेही तेच केलं असतं. आमच्या घरात सगळे एकमेकांसाठी असंच बोलत आले होते. दादा माझ्याकडे बघत थांबला होता. ओठांचा पांढरेपणा अजून पुरता गेला नव्हता. मी पिशवी मांडीवरून उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"वाटेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हणाले. "वाटेल, दादा. घर खूप शांत होईल. पण ते माझं मी बघेन. तू नको माझ्यासाठी बसून राहूस. आज मी बाईंना फोन करते. तू शिट्टीकडे राहायला जा."