माडाखाली बांधलेली झोळी

मित्रांनो, मी सुरूचे एक जुने झाड आहे आणि मला माड बघवत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडे बोललो तर तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म मॉरिशस बेटाच्या दक्षिणेला, रोपवाटिकेतल्या एका गंजक्या पत्र्याच्या डब्यात झाला. मोठ्या वादळाने सगळा किनारा बोडका करून टाकला होता. म्हणून कामावरच्या बायकांनी आम्हा रोपांना रांगेत लावले. वारा अडवायचा आणि वाळू धरून ठेवायची, एवढेच आमचे काम. आम्ही दिसायला कसे आहोत हे तेव्हा कोणी विचारले नाही.

मी मोठा झालो तसा आमच्या किनाऱ्याचा लौकिकही वाढला. दूर समुद्रात प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आमच्याकडे येते ते नुसते कोमट, उथळ पाणी, मूल बसले तर पोटापर्यंत येईल एवढे. आया वाटेतले मोठमोठे किनारे सोडून, दोन बस बदलून इथे येत. पण आल्या आल्या त्या मुलांना पाण्यात सोडत, असे समजू नका. आधी एखादी म्हातारी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरे आणि पायाने तळ चाचपे. काचेचा तुकडा, टोकदार प्रवाळ, काट्यांच्या गोळ्यांसारखे समुद्री जीव, काही लागत नाही ना? मग ती हात हलवी, आणि लंगोटातली फौज पाण्यात उतरे.

बसायची जागा मात्र माझ्याखालचीच. रविवारी उजाडायच्या आत घरातले कोणीतरी येऊन माझ्या बुंध्याला दोरी बांधून जाई. दोरी बांधली की जागा त्या घराची, त्यावर कोणी भांडायचे नाही. पोहून दमलेल्या मुलांसाठी माझ्या खालच्या फांदीला जुन्या साडीची झोळी टांगली जाई. मी हलकेच हलत असे आणि मुले झोपत असत. बिर्याणीची पातेली उघडली तरी ती जागी होत नसत. त्या काळात मला कोणाचा हेवा करायची गरजच पडली नाही.

मग माड आले. समोर लहानाचे मोठे झाले असते तर मी चकार शब्द काढला नसता. हे आले ते वाढलेले, मुळे गोणपाटात गुंडाळून, लॉरीत बसून. पाहुण्यांना किनारा बघायला बरा वाटावा म्हणून म्हणे. त्यांना टेकू दिले, नळाचे पाणी दिले, जावयाचे करावे तसे सगळे केले. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. मागे मी दिसलो तर फोटो काढणारा म्हणे, "जरा डावीकडे सरका, ते झाड मध्ये येतंय." ते झाड म्हणजे मी!

त्यात माझ्याखाली वाळक्या काड्यांचा आणि छोट्या काटेरी बोंडांचा थर साचतो. माडाखालची वाळू मात्र नेहमी साफ. किनारा झाडायचे काम मर्दे किस्नेनकडे होते. तो पूर्वी रोज सकाळी दाताळे घेऊन आधी माझ्याकडे येई. पुढे तो आधी माडांकडे जाऊ लागला, आणि त्याला कारणही तसेच घडले.

त्याची नात कावेना अगदी तान्ही असताना तापाने फणफणली. मर्दे एका माडाला हात लावून मुरुगन देवाला नवस बोलला, की पोर बरी होऊ दे, या माडावर आत्ता धरलेला घड कावडीच्या सणाला तुझ्यापुढे फोडीन. पोर बरी झाली. झाले, तो माड घरचा देव होऊन बसला. वर्षानुवर्षे वारा अंगावर घेतला मी, आणि उदबत्ती लागली त्याला. मला काय वाटले असेल ते तुम्हीच समजा.

कोणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून एक माणूस अधूनमधून शिडी घेऊन येई आणि सगळ्या माडांचे नारळ उतरवून नेई. मर्देने त्याला त्या एका माडापाशी अडवले.

"बाकीचे ने. त्या घडाला हात लावू नको, तो देवाचा आहे."

"पिकायला लागलाय, काका."

"पिकू दे. कावडीच्या दिवशी मी स्वतः उतरवीन."

शिडीवाल्याने छातीला हात लावला आणि शिडी पुढच्या माडाला टेकवली. देवाला बोललेल्या नारळाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. पण सण अजून लांब होता. नारळ तपकिरी झाले, देठ वाळला. माझी उंची जास्त, त्यामुळे तो देठ मला रोज दिसत होता. त्या माडाची एकदा फजिती व्हावी, असे मला मनापासून वाटे. फक्त ती सोमवारी व्हावी, किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना.

एका रविवारी मर्देची मुलगी वासंदा कावेनाला घेऊन आली. पोर नुकती चालायला लागली होती. वासंदा स्वतः लहानपणी माझ्या फांदीच्या झोळीत झोपलेली. मला वाटले, आता आपलाच मान. तिने तळ चाचपला, पोरीला पाण्यात खेळवले, आणि झोळीची साडी खांद्यावर टाकून माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"आप्पा, इथे नको. बोंडं बघा किती पडलीत. ही सगळं तोंडात घालते."

"तू याच्याचखाली मोठी झालीस की," मर्दे म्हणाला.

"म्हणून तर सांगते. तळपाय आठवतात मला अजून."

तिखटमीठ लावलेले अननस विकणारी जोस्लीन माझ्याच बुंध्याशी टेबल मांडून बसते. ती म्हणाली, "तुझे तळपाय पहिल्यापासून राणीसरकारचे. आम्ही याच काट्यांवर नाचलो."

"तुम्ही नाचा, मावशी. मला माझी पोर स्वच्छ जागी झोपवायची आहे. तो माड बघा, खाली कसं पुसून घेतल्यासारखं आहे."

मर्देला आनंदच झाला. "बांध, बांध. देवाचं झाड आहे ते."

त्या माडाला आणि शेजारच्या माडाला दोरी बांधून झोळी टांगली गेली आणि कावेना तिच्यात झोपी गेली. माझा नुसता जळफळाट झाला. इतक्या पिढ्या झोपवल्या आणि आज बोंडांवरून मला नाकारले! मी रागाने त्या माडाच्या शेंड्याकडे पाहिले आणि माझा राग जागच्या जागी थिजला. माड त्या बाजूला कललेला होता आणि झोळी बरोबर त्या घडाखाली आली होती. खालचे कोणीच वर बघत नव्हते. सगळ्यांनी वाळू तेवढी बघितली होती.

मर्दे पाणी आणायला गेला. वासंदा जोस्लीनशी बोलत माझ्या सावलीत बसली. समुद्रावरून वारा सुटला. मला ओरडता येत नाही, धावता येत नाही. मी फक्त सुसाटत राहिलो, आणि जोस्लीन म्हणाली, "आज हे झाड फार रडतंय बाई." वाऱ्याने माझी बोंडे टपटप पडू लागली. त्यात माझी काही हुशारी नव्हती. वारा आला की ती पडतातच.

कावेना जागी झाली. झोळी खाली लोंबत होती, त्यातून ती घसरून वाळूत बसली, उठली आणि डुलत डुलत माझ्याकडे आली. एक बोंड उचलून तिने थेट तोंडात घातले.

"घातलंस ना तोंडात!" वासंदाने धावत येऊन तिच्या गालात बोट घातले. "या मेल्या झाडाचा कचरा! तोडून का टाकत नाहीत याला?"

ती मला हे बोलत असतानाच धप्प आवाज झाला. झोळीची साडी मधोमध फाटली होती आणि नारळ खालच्या वाळूत अर्धा रुतला होता.

वासंदा पोरीला छातीशी घेऊन खाली बसली. मर्दे पाण्याचा डबा टाकून पळत आला. त्याने रिकामी झोळी बघितली, हात जोडले आणि म्हणाला, "देवाने वाचवलं."

"वाचवलं खरं," जोस्लीन म्हणाली. "पण नारळ पाडला कोणी, मर्दे?"

वासंदा म्हणाली, "आप्पा, घड आत्ता उतरवा."

"सणाच्या आधी? नवस आहे, वासंदा."

"देवाला नारळ हवेत की माझी पोर?"

मर्देने मान वर करून घडाकडे बघितले. मग जाऊन शिडी घेऊन आला. घडातला एकेक नारळ त्याने स्वतः उतरवला. कावडीच्या दिवशी ते त्याने देवापुढे फोडले, आणि देवाने कुठलीच तक्रार केली नाही.

हार कोणाला मिळाला, विचारा. त्या माडाला! हळदकुंकूसुद्धा. माझ्याकडे कोणी फिरकले नाही.

मित्रांनो, लहान मुलांना समुद्रावर न्याल तेव्हा पाण्याचा तळ चाचपा, काचा वेचा, ते सगळे कराच. पण मूल निजवण्याआधी एकदा मान वर करा. साफ दिसते ती जागा धोक्याची असू शकते. झाडावरचे फळ पिकले की वेळेवर उतरवा, मग ते कोणाच्याही नावाचे असो. आणि आमच्यासारख्या पसारा करणाऱ्या झाडांना तोडायची घाई करू नका. खाली थोडे झाडून घ्या.

वासंदाने तेच केले. सणानंतरच्या रविवारी ती स्वतः दाताळे घेऊन आली, माझ्याखालची बोंडे ओढून बाजूला केली, आधी वर आणि मग खाली बघितले, आणि ठिगळ लावलेली झोळी माझ्या फांदीला बांधली. कावेना आत पडल्या पडल्या हात वर करून हसली. मला वाटले, माझ्याकडे बघूनच. पण ती त्या माडाच्या हलत्या झावळ्यांकडे बोट दाखवत होती. मला राग आला, येणारच. तरी तिचा डोळा लागेपर्यंत मी झोळी हलवत राहिलो.