दोघींची मासवडी

सोनी लग्न होऊन आळ्याजवळच्या वस्तीवर आली तेव्हा तिला धड आमटीसुद्धा करता येत नव्हती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बेल्ह्याला भाऊ चांगदेव आणि भावजय यांच्याकडे ती वाढली, आणि भावजयीने तिला चुलीपेक्षा शेतातच जास्त राबवलं. सासरी तिने पहिल्यांदा कालवण केलं, ते इतकं खारट झालं की सासऱ्यांनी, रखमाजींनी, मुकाट्याने त्यात तांब्यातलं पाणी ओतलं आणि तसंच संपवलं. नवरा गोरख मात्र पोट धरून हसला. सोनी गोठ्यामागे जाऊन रडत बसली.

दुसऱ्या दिवशी सासूने, प्रयागबाईने, तिला खुरपायला जाऊ दिलं नाही.

"बस हितं माझ्यापाशी. आज मासवडी करायची."

"आत्या, मला नाय जमायचं."

"मला तरी कुठं पोटातनं येत व्हतं? आईनं शिकवलं. मला लेक न्हाई, मी कुणाला शिकवू?"

प्रयागबाईच्या मासवडीचं भावकीत मोठं नाव होतं. कुणाकडे पाहुणे यायचे असले की तिला बोलावणं ठरलेलं. पण हे काम एकटीचं नव्हे. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घोटायचं, गोळा गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्या आधाराने गुंडाळून माशासारखा आकार द्यायचा. बेसन जरा निवलं की चिरतं. म्हणून एकीने थापायचं, दुसरीने फडकं धरायचं. घरात मुलगी नसल्यामुळे लहानपणापासून हे फडकं गोरख धरत आला होता.

त्या दिवशी सोनीने फडकं धरलं. हात पोळले, एक वडी फुटली, दुसरी वाकडी झाली. तिसरी नीट उतरली तेव्हा ती स्वतःच एवढ्याने ओरडली की रखमाजी ओट्यावरून उठून आत डोकावले.

सारण कालवताना ती दबकत म्हणाली, "आत्या, माझी आई तिळाबरोबर थोडं कारळं भाजून घालायची. तिच्या हातचं मला तेवढंच आठवतंय."

प्रयागबाईने सासूपणा केला नाही. फळीवरून कारळ्याचा डबा काढला, मूठभर कारळं भाजायला लावलं आणि चव घेऊन म्हणाली, "तुझी आई शहाणी व्हती."

तेव्हापासून त्या घरातल्या मासवडीत कारळं पडायला लागलं. प्रयागबाईच्या आईची मासवडी आणि सोनीच्या आईचं कारळं.

गोरख नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोचा टेम्पो चालवायचा. मासवडीचा वास आला की तो हातपाय न धुताच चुलीपाशी बसे. वड्या कापताना कडेचे वेडेवाकडे तुकडे निघत, ते त्याचे. कधी आईच्या हातून घ्यायचा, कधी बायकोच्या हातून पळवायचा. "मला फडक्यावरनं काढलं, आता पगार तरी द्या," म्हणायचा. दोघी हसायच्या. त्या वर्षी त्या स्वयंपाकघरातून जेवढं हसू बाहेर आलं, तेवढं प्रयागबाईने आपल्या साऱ्या संसारात ऐकलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात हायवेवर गोरखचा टेम्पो उलटला. माल खाली करून तो रिकामाच परत येत होता. दवाखान्यात न्यायच्या आत सगळं आटोपलं होतं. सोनीला तेव्हा मूलबाळ काही नव्हतं.

नंतर घरात चूल पेटायची, भाकरी व्हायची, कसलंतरी कालवण व्हायचं. तिघंजण एकमेकांकडे न बघता जेवायची. बेसनाला कुणी हात लावला नाही. सोनी पहाटे उठून गोठा करायची, दिवसभर रानात राबायची. प्रयागबाईला वाटायचं, पोरगी सावरली.

दीडदोन वर्षांनी भावकीत लग्न निघालं. हळदीच्या दिवशीच्या जेवणाला मासवडी हवी म्हणून प्रयागबाईला निरोप आला. ती सोनीला घेऊन गेली. कितीतरी महिन्यांनी दोघींनी मिळून फडकं धरलं. सोनीचे हात आता इतके तयार झाले होते की बघायला आलेल्या बायका थांबून राहिल्या. जेवणं झाली, सगळ्यांनी वाहवा केली. नवरी आत उपाशी बसलीय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून सोनीने ताट वाढलं आणि ती आत निघाली.

दारातच एका म्हाताऱ्या चुलत सासूने तिला हात आडवा केला. "तू नको गं बाई. दे हिकडं. हळदीची पोर हाय."

तिने ताट काढून घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाट सरकवावा इतक्या सहज ती बोलली. सोनी रिकाम्या हातांनी परत आली आणि रश्श्याचं पातेलं घासायला बसली. प्रयागबाईने हे सगळं चुलीपाशी बसून पाहिलं.

घरी चालत येताना सोनी बांधावर थांबली. "आत्या, माझ्या हातचं खाल्लेलं चालतं. मी दिसलेली चालत न्हाई."

 त्याच आठवड्यात, बैलबाजाराच्या दिवशी, प्रयागबाई बेल्ह्याला चांगदेवाकडे गेली आणि त्याला सरळ म्हणाली, "सोनीसाठी स्थळ बघ. मी बघितलं असतं, पण सासूनं बघितलेलं लोकाला खरं वाटायचं न्हाई."

घरात वादळ झालं. रखमाजी ताटावरून उठले. "गोरखची बायको दुसऱ्याच्या घरात नांदायची? आपुन जिवंत असताना?"

"गोरख गेला," प्रयागबाई म्हणाली. "मी त्याला जन्म दिला, मी म्हणते, गेला. आता तिला किती दिवस त्याच्यामागं ठेवायची?"

रखमाजींनी दोघींशीही बोलणं सोडलं.

सोनीचं वेगळंच. ती धान्याच्या कणगीला टेकून उभी राहिली. "मी जड झाले का तुमाला?"

"जड? अगं, तू गेल्यावर हे घर मला खाईल."

"मग कशाला घालवता?"

"मी काय जन्माला पुरणार हाय का? आमी दोघं गेल्यावर तू कुणासाठी भाकरी करशील? मला नको सांगू. स्वतःला इचार."

सोनीने बरेच दिवस विचार केला. मग एका सकाळी दळण निवडता निवडता ती म्हणाली, "माणूस बघते. पण आधी मी बोलणार त्याच्याशी, मग व्हय म्हणणार."

माणूस मंचरचा होता, सावळेराम. कांद्याबटाट्याच्या एका गाळ्यावर कामाला. बायको तापाने गेलेली, मागे संस्कृती नावाची लहानगी मुलगी आणि आई साळुबाई. चांगदेवाच्या ओसरीवर सोनी त्याच्याशी बोलली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही. आत येऊन प्रयागबाईला एवढंच म्हणाली, "पोरगी त्याच्या मांडीवरनं उतरतच नव्हती."

लग्नाआधी सोनी बेल्ह्याला जाणार होती. जायच्या आदल्या दिवशी प्रयागबाईने बेसन चाळायला घेतलं. सोनी न सांगता समोर येऊन बसली. तिने कारळं भाजलं, खोबरं भाजलं, लसूण सोलला. प्रयागबाईच्या मनात होतं, काही सांगायचं राहिलं असेल तर आज सांगून टाकावं. ती लक्ष ठेवून होती. पण पाण्याचा अंदाज, बेसनाचा घोट, हाताला लावायचं पाणी, कुठेच काही सांगायला उरलं नव्हतं. तेवढ्यानेच तिला भरून आलं.

"धुरानं," ती डोळे पुसत म्हणाली.

"व्हय, धुरानंच," सोनी म्हणाली. तिचेही डोळे तसेच झाले होते.

वड्या कापल्यावर कडेचे तुकडे ताटलीत पडले. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. कुणीच ते उचलले नाहीत.

तेवढ्यात रखमाजी आत आले. इतक्या दिवसांत ते स्वयंपाकघरात बसून जेवले नव्हते. त्यांनी पाट ओढला, बसले, आणि खाली बघत म्हणाले, "सोनी, रस्सा वाढ."

तिने वाढला. त्यांनी ताटलीतले कडेचे तुकडे आपल्याकडे घेतले, रश्श्यात बुडवले आणि खायला लागले. खाताखाताच त्यांचे खांदे हलायला लागले. मग हात तसाच ताटात ठेवून ते रडले. गोरखच्या दहाव्यालासुद्धा ते असे रडले नव्हते.

लग्न साधंच झालं. सुरुवातीला प्रयागबाई कुणाच्या ना कुणाच्या जिपने मंचरला जायची. सोनी दारातच तिला मिठी मारायची. संस्कृती सोनीला आई म्हणायला लागली होती. पुढे सोनीला मुलगा झाला. बारशाला प्रयागबाई बाळंतविडा घेऊन गेली. तिने बाळाला मांडीवर घेतलं. बायकांत कुजबूज झाली.

निघताना साळुबाई तिला फाटकापर्यंत पोचवायला आली. बाई वाईट नव्हती. तिने प्रयागबाईचा हात हातात घेतला.

"तुमी देवमाणूस हायसा. पण एक मागते. तुमी येऊन गेल्या की ती लई दिवस गप्प राहती. घास गिळत न्हाई तिला. माझा लेक बिचारा तिच्या तोंडाकडं बघत बसतो. तिला हितं रुजू द्या."

प्रयागबाईने हळूच आपला हात सोडवून घेतला. "बरं," ती म्हणाली.

नंतर ती मंचरला गेली नाही. सोनीचे निरोप यायचे. ती कळवायची, गुडघे दुखतात, जिपमध्ये चढवत नाही. सोनीने यायचं म्हटलं की सांगायची, लेकरं लहान आहेत, धावपळ करू नको. रखमाजींना तिने खरं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

काही वर्षांनी, कांदाकाढणी चालू असताना, रखमाजी शेतातच कोसळले.

सुतकाचं घर, चूल पेटवायची नव्हती. भावकीलाही सुतक, तेव्हा जेवण बाहेरच्यांनीच आणायचं. शेजारच्या वस्तीवरून भाकऱ्या येत होत्या, पण प्रयागबाई पाण्यावर होती. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सोनी आली. हातात मोठा डबा. ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, हिला कुठे बसवायचं ते कुणाला कळेना. सोनी त्यांच्यातून वाट काढत आत आली आणि प्रयागबाईच्या गळ्यात पडली.

बऱ्याच वेळाने तिने डबा उघडला. "पिठलं माझं हाय. भाकरी सासूबाईंनी थापल्यात. म्हणाल्या, त्यांना खाऊ घातल्याशिवाय परत येऊ नको."

प्रयागबाई त्या डब्याकडे बघत राहिली. गोरख असता तर ही सुतकात असती, इथे आपल्याशेजारी उपाशी बसली असती. आता ती बाहेरची होती, म्हणून तिला जेवण आणता आलं.

"मामा मागच्याच महिन्यात आलं व्हतं," सोनी म्हणाली.

"कुठं?"

"मंचरला. कांदा घेऊन आलं की दर येळी यायचे. तुमाला ठाव न्हाई?"

प्रयागबाईने नकारार्थी मान हलवली.

"आत नाय यायचे. फाटकाबाहेर उभं राहायचे. मी तांब्या न्यायचे, पाणी प्यायचे. पोराच्या डोक्यावर हात ठेवायचे. लई म्हटलं, आत्यांना आणा. म्हणायचे, तिचे गुडघे दुखतात."

प्रयागबाईच्या डोळ्यांसमोर ते फाटक आलं, आणि तांब्या तोंडाला लावून उभा असलेला, आत पाऊल न टाकणारा तो माणूस.

सोनीने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तिच्या तोंडापाशी नेला.

"राहू दे," प्रयागबाई म्हणाली. "मी खाते."

तिने तो घास स्वतःच्या हातात घेतला. सोनी समोर मांडी घालून बसली आणि ती खाऊन संपेपर्यंत हलली नाही.