हुकाखालचा माणूस

चंपतरावांच्या गाडीत एक पिवळा दिवा लागला आणि त्यांच्या सुखाला दृष्ट लागली.

ज्यांच्या घरी नवी डिझेल गाडी आहे, त्यांना हा दिवा ठाऊक असेल. स्टिअरिंगसमोर तो एकदा लागला की दातात अडकलेल्या सुपारीसारखा जिवाला लागून राहतो. गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. गाडी लांब पल्ल्यावर धावली, नळी चांगली तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते. पण चंपतरावांची गाडी धावायची कुठे? मुलगा नागसेन बिलासपूरला रेल्वेत. त्याने मोठ्या हौसेने आईबापांसाठी सात जणांची गाडी घेऊन दिली, आणि तिच्यात बसणारी माणसं दोनच! भिलाईत मरोद्याच्या घरातून सेक्टर सहाच्या बाजारात, बाजारातून घरी. मेथीची जुडी आणायला एवढी मोठी गाडी! शेवटी फिल्टर तुंबला.

शोरूममधला माणूस म्हणाला, "काका, आठवड्यातून एकदा हायवेवर पाऊण तास एका चालीत गाडी चालवा. दिवा आपोआप जाईल."

"चालवू कुठं?" घरी येऊन चंपतराव गिरजाबाईंवर चिडले. "माहं काय काम हाय राजनांदगावात? कोण बसलं हाय तिथं माही वाट पाहत?"

गिरजाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जो वाट पाहून राहिला त्याच्याकडं त जा. मोहन नगरात रामाजीभाऊ हायेत. चार महिने झाले, तोंड पाह्यलं काय त्याईचं?"

"जाईन, जाईन," असं म्हणून चंपतरावांनी मोबाइल उघडला. घात तिथेच झाला.

पण आधी चंपतराव कोण, हे सांगितलं पाहिजे. चंपतराव म्हणजे तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियात एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये ते छताखालच्या क्रेनवर होते. क्रेनच्या गर्डरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, '२५ टन'. एकदा काम घाईचं होतं आणि साचा निघाला एकतीस टनांचा. हुकाखाली साखळ्या बांधायला उभा होता त्यांचा जोडीदार रामाजी. सुपरवायझर खालून ओरडला, "उठा ले, चंपत! लिखा पच्चीस है, पर मार्जिन रहता है. कंपनी कम ही लिखती है!"

चंपतराव केबिनमधून उठले, शिडी उतरून खाली आले, रामाजीला दंडाला धरून बाजूला केलं आणि म्हणाले, "कमी लिहिलं असल त असल. जे लिहिलं हाय, ते खाली उभ्या माणसासाठी लिहिलं हाय. मी नाही उचलत."

त्यांना मेमो मिळाला. 'आदेश की अवहेलना', आठ दिवस बिनपगारी. तो कागद चंपतरावांनी लॅमिनेट करून घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला. लोक बक्षिसं भिंतीला लावतात, यांनी शिक्षा लावली! आणि खरं सांगायचं तर घरात त्याहून मोठं बक्षीस दुसरं नव्हतं.

असा हा माणूस. आणि दिव्यावर उपाय शोधताना मोबाइलवर त्याला भेटला मोनू.

मोनूचं गॅरेज सुपेल्यात. पोरगा हुशार, बोटं लॅपटॉपवर पाण्यासारखी चालणारी. त्याने गाडीच्या स्टिअरिंगखाली एक तार जोडली आणि म्हणाला, "अंकल, इंजिन का कंप्यूटर अपने हाथ में आ गया. नई फाइल डालता हूँ, पच्चीस टक्का पावर सीधा ऊपर! फिल्टर भी निकाल देता हूँ, उसकी जगह सीधा पाइप. बत्ती हमेशा के लिए बंद."

"पण बेटा," चंपतरावांनी एकदा विचारलं, "इतकी ताकत होती त कंपनीनं कमी कावून ठेवली?"

"मार्जिन रहता है, अंकल. कंपनी कम ही लिखती है."

हे शब्द आपण कुठेतरी ऐकले आहेत, असं चंपतरावांना क्षणभर वाटलं. पण तेवढ्यात मोनूने इंजिन सुरू केलं आणि त्या गुरगुराटात ती आठवण वाहून गेली. दिवा विझला होता!

आणि ती गाडी काय पळाली म्हणता! पायाचा अंगठा जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची. पासष्टीच्या चंपतरावांना पंचविशीत आल्यासारखं वाटलं. सेक्टर सहाच्या रुंद रस्त्यावरून ते विनाकारण दोन-दोन फेऱ्या मारू लागले. कोथिंबीर आणायला गेले की मिरच्या मुद्दाम विसरायचे, म्हणजे पुन्हा जाता यायचं. घरी येऊन गिरजाबाईंना सांगायचे, "अवो, वाघीण झाली गाडी, वाघीण!"

"दिवा विझला म्हणजे दुखणं गेलं काय?" गिरजाबाई म्हणाल्या. "ताप आला अन् तुमी थर्मामीटर फोडून आले."

चंपतराव हसले. ऐकतो कोण!

रविवारी सकाळी सेक्टर सहाच्या चौकात सिग्नल लाल होता. शेजारी एक चकचकीत नवी गाडी, आत काळा चष्मा लावलेला तरुण. त्याने चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. सिग्नल हिरवा झाला आणि चंपतरावांनी पाय पूर्ण दाबला! गाडी उसळली, तरुण मागे पडला, चंपतराव एकटेच मोठ्याने ओरडले, "अरे वा रे माही वाघीण!" आरशात पाहायचं मात्र त्यांना सुचलं नाही. पुढे एवढी मजा असताना मागे कोण पाहतो?

घरी येऊन ते हा पराक्रम सांगत होते, तोच फाटकात सायकलची घंटी वाजली.

"जयभीम, चंपत."

"रामराम, रामाजी!" चंपतराव धावले. दोघांची ही जुनी रीत, ज्याने त्याने दुसऱ्याच्या पद्धतीचा नमस्कार करायचा. पण रामाजीकडे नजर गेली आणि चंपतराव जागीच थबकले. रामाजीचं तोंड काजळीने माखलेलं, चष्म्याची काच धुरकट, गुडघ्यावर पँट फाटून रक्त आलेलं. हँडलला लटकवलेल्या पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगा मोडून गेल्या होत्या.

"बाप्पा! काय झालं हे?" गिरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"काही नाही, वहिनी. म्हटलं चंपतले सवड नाही त आपणच जाऊ. सेक्टर सहाच्या चौकात एका गाडीमागं उभा होतो. सिग्नल सुटला अन् तिनं असा काळा धूर सोडला का मले पुढचं काहीच दिसेना. दम कोंडला. सायकल डिव्हायडरले भिडली अन् पडलो. मागून बस येऊन राहिली होती. त्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला म्हणून आज तुमच्या हातचं पाणी पिऊन राहिलो."

"नंबर पाह्यला काय त्या मेल्याचा?"

"धुरात काय दिसते, वहिनी?"

चंपतरावांची नजर दारातल्या गाडीकडे गेली. कुणी पाहिलं नव्हतं. रामाजीनेही नाही. वाचकहो, अशा वेळी गप्प बसणं किती सोपं असतं! तुम्ही-आम्ही कितीदा बसलो आहोत!

रामाजी लंगडत आत आला. शर्टाला हात पुसून त्याने नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या मेमोला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. "ह्या कागदाले हात लावल्याशिवाय तुह्या घरचं पाणी गोड लागत नाही मले," तो म्हणाला.

चंपतरावांना ते पाहवेना.

"रामाजी, ते गाडी माही होती!"

चंपतराव भरभर सांगू लागले, अपराधी माणूस सांगतो तसे. "दिवा लागत होता गा सारखा. मोनू म्हणे फिल्टर काढून टाकू, पावर बी वाढवू. मी इचारलं त्याले, कंपनीनं कमी कावून ठेवली? त तो म्हणे, मार्जिन रहता है, कंपनी कम ही..."

आणि ते थांबले. वाक्य तोंडातच राहिलं. तोच सुपरवायझर, तीच हाक! तेव्हा खालून आलेले शब्द आज त्यांच्याच तोंडातून बाहेर पडत होते! चंपतराव मटकन खुर्चीत बसले.

रामाजी चिडला नाही. चष्मा पुसत म्हणाला, "चंपत, तुही गाडी जोरात पळते, चांगली गोष्ट हाय. पण ते काजळी गेली कुठं? फिल्टर होता तवा तिथं अडकत होती. आता माह्या छातीत आली. आपल्या घरचा कचरा रस्त्यावर लोटला अन् म्हटलं घर साफ झालं, असं हाय हे."

"पण मले काय मालूम तू मागं होता!"

"मी नसतो त कोणी दुसरा असता. मंग चाललं असतं काय?" रामाजीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "क्रेनचा हूक डोळ्याले दिसते, माणूस बाजूले तरी होते. हा हूक कोणाले दिसत नाही. तवा हुकाखाली मी एकटा होतो, चंपत. आता पुरं सेक्टर सहा हाय. शाळेची पोरं हायेत, भाजीवाल्या बाया हायेत, ड्यूटीवर जाणारे सायकलवाले हायेत. त्याईले कोण बाजूले करन?"

गिरजाबाई उठल्या. त्यांनी भिंतीवरचा मेमो खिळ्यावरून काढला आणि नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. "एकतर हा कागद पेटीत टाका, नाहीतर गाडी होती तशी करून आणा. दोन्ही एका घरात राहणार नाहीत."

चंपतरावांनी कागदाकडे पाहिलं. आयुष्यात ज्या एका गोष्टीसाठी ते ताठ मानेने चालत आले, ती समोर उताणी पडली होती. पेटीत? हा कागद पेटीत? ताडकन उठून त्यांनी तो पुन्हा खिळ्याला अडकवला.

"नाही! हा इथंच राहणार! चल, रामाजी!"

सुपेल्यापर्यंत चंपतरावांनी गाडी अशी चालवली जणू टपावर अंड्यांची टोपली ठेवली आहे. दर दोन मिनिटांनी आरशात पाहत होते. मेमोपासून धुरापर्यंत सगळं ऐकून मोनूने डोकं खाजवलं. "पुरानी फाइल तो है, अंकल, सबकी रखता हूँ. पर फिल्टर? वो तो आज सुबह कबाड़ी ले गया. अंदर की जाली महंगी बिकती है, तोड़ के निकालते हैं."

"तोड के?" दोघे एकदमच ओरडले.

भंगारवाल्याचा वाडा पावर हाऊस वस्तीच्या बाजूला होता. तिघे पोचले तेव्हा आत लोखंड कापायचं मशीन किंचाळत होतं, आणि मधोमध एका लाकडी ठोकळ्यावर चंपतरावांचा फिल्टर! समोर एक धिप्पाड माणूस दोन्ही हातांनी घण उचलून उभा! चंपतरावांनी हाक मारली, मोनूने मारली, पण त्या आवाजात कानाला काय ऐकू येणार? घण डोक्याच्या वर गेला!

तेव्हा रामाजी पुढे झाला. फुटलेला गुडघा विसरून तो त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात आडवे पसरून जोरजोराने हलवू लागला. क्रेनवाल्याला 'आहेस तिथेच थांब' असं सांगायची ती खूण! तीस वर्षं ही खूण दिसली की चंपतरावांचा हात आपोआप थांबायचा. घणवाल्याला त्यातलं काय ठाऊक असणार? पण काजळीने माखलेला एक म्हातारा समोर हात पसरून उभा आहे म्हटल्यावर त्याचाही घण हवेतच राहिला.

"क्या हुआ, बाबा?"

"थांब!" रामाजी धापा टाकत म्हणाला. "तो आमचा हाय!"

वाचला! फिल्टर वाचला! चंपतरावांनी तो पोटाशी धरला, कपडे काळे झाले तरी सोडला नाही. चार वाजेपर्यंत मोनूने सीधा पाइप काढून फिल्टर बसवला आणि इंजिनच्या कंप्युटरमध्ये जुनी फाइल चढवली. चंपतरावांनी किल्ली फिरवली. स्टिअरिंगसमोर तोच पिवळा दिवा टपकन पेटला.

"लागला! रामाजी, दिवा लागला!" ते आनंदाने ओरडले. एवढ्या खुशीने तो दिवा आजवर कुणी पाहिला नसेल.

मोनू तार गुंडाळत होता. जरा वेळाने खाली मान घालून म्हणाला, "अंकल, वो मेमो मुझे एक बार दिखाओगे?"

"ये घरी," चंपतराव म्हणाले. "पण लॅपटॉप घरी ठेवून ये."

पुढच्या रविवारी सकाळी गाडी मोहन नगरात थांबली. रामाजी पुढच्या सीटवर बसला, मागे गिरजाबाई, त्यांच्या मांडीवर शेवग्याच्या भाजीचा डबा. गाडी राजनांदगावच्या रस्त्याला लागली. वेग एकच, चाल एकच. मागून तरुण पोरं हॉर्न वाजवत पुढे निघून गेली, चंपतरावांनी त्यांना खुशाल जाऊ दिलं. चार महिन्यांच्या गोष्टी साठल्या होत्या, त्या काही संपेनात. रामाजी सांगत होता, चंपतराव हसत होते, आणि कुणाचंच दिव्याकडे लक्ष नव्हतं. पहिल्यांदा दिसलं गिरजाबाईंना.

"अवो, गेला! दिवा गेला!"

खरंच गेला होता! कुणाला फसवून नाही, आपल्या आपण गेला होता. गाडीला जास्तीचा जोर नकोच होता. तिला हवा होता मोकळा रस्ता आणि चंपतरावांना हवा होता जोडीदार. दोघांचं औषध एकच निघालं! आता दर रविवारी ही फेरी ठरली आहे.

परतताना त्यांनी एका सायकलवाल्याला हळूच मागे टाकलं आणि चंपतरावांनी आरशात पाहिलं. तो आपला आरामात पेडल मारत येत होता. त्याचा शर्ट पांढरा होता, आणि पांढराच राहिला.

"मागं कोणी हाय काय?" रामाजीने विचारलं.

"हाय ना," चंपतराव म्हणाले. "नेहमीच असते."

मित्रहो, तुमच्या गाडीत किती ताकद दडली आहे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. तुमच्यामागे कोण उभं आहे, हे मात्र तुम्हालाच पाहावं लागेल. यंत्रावर लिहिलेली मर्यादा मालकाला अडवण्यासाठी लिहिलेली नसते, ती खाली उभ्या माणसाला जगवण्यासाठी असते. म्हणून पाय दाबण्याआधी एकदा आरशात पाहा. कुणाचा तरी रामाजी शेवग्याच्या शेंगा घेऊन मित्राच्या घरी निघालेला असतो.